आठवीतली पोरगी पुस्तकाच्या पुढे निघून गेली, तिला आता काय द्यायचं?

शकुंतला_पॅसेंजर (दारव्हा, जि. यवतमाळ) :

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला गणित शिकवतो. प्रश्न एका पोरीचा आहे.

वर्गात पोरं पन्नासच्या वर. त्यातली निम्मी अपूर्णांकांची बेरीज करताना अजून छेदात छेद मिळवतात, तेव्हा माझा तास कुठं जात असेल ते तुम्ही समजून घ्या. ही पोरगी मात्र फळ्यावर माझं पहिलं उदाहरण होईस्तोवर अख्खा सरावसंच उरकून मोकळी. मग बाकावर रेघोट्या मारणं, नाहीतर खिडकीतून बाहेर बघणं. पोरं तिला ‘कम्प्युटर’ म्हणतात. कौतुकानं नाही म्हणत.

मागे एकदा वर्गाला त्रिकोण काढून कोन मोजायला लावले. सगळ्यांच्या वहीत बेरीज १८०, कारण १८० यायला पाहिजे हे सगळ्यांना आधीच ठाऊक. हिच्या वहीत १७८. म्हटलं, नीट मोज. तर म्हणते, “सर, दोनदा मोजलं. एकदा १७८ आलं, एकदा १८१. दरवेळी येगळंच येऊन राहिलं, मंग १८० च हाय हे पहिल्यांदा कोणी ठरवलं अन् कसं?”

मी समांतर रेषा काढून सिद्धता दाखवली. पोरगी गप्प. दुसऱ्या दिवशी चौकोन, पंचकोन, षटकोन असं करत दहा बाजूंपर्यंत घेऊन आली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: ‘बाजूतून दोन कमी करा, उरते त्याले १८० नं गुणा.’ आणि त्याच्याखाली: ‘एखादा कोपरा आत मोडला तर?’

आता माझी अडचण. शाळा सुटल्यावर थांबवता येत नाही, मानव विकासची बस (मुलींना शाळेत ने-आण करणारी सरकारी बस) एकच आहे आणि ती कुणासाठी थांबत नाही. घरी चार एकर कोरडवाहू, आई निंदणाला जाते, दिवाळीच्या सुमारास वेचणी लागली की पोरगीही जाईल. मोबाईल बापाचा, तो रात्रीच हातात येतो. शाळेच्या प्रयोगशाळेत कपाट आहे, कपाटात सूक्ष्मदर्शक आहे, सूक्ष्मदर्शकात भिंग नाही. वरिष्ठ म्हणतात, स्कॉलरशिपला बसवून द्या, झालं. परीक्षेला तर बसवणारच. पण परीक्षा एक दिवसाची, बाकीच्या दिवसांचं काय? मराठीतून, बिनपैशाचं, शाळेच्या वेळेत जमेल असं काही सांगा.


संत्रानगरी_९० :

सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नागपूरला फाउंडेशन बॅच आठवीपासूनच सुरू होतात. तिकडे एखादा नातेवाईक बघा, होस्टेल बघा, काहीही करा, पण तिला बाहेर काढा. गावातल्या शाळेत ‘उपक्रम’ करत बसाल आणि दहावीनंतर जेईईच्या पोरांसमोर ती उभी राहील तेव्हा रडेल. मी स्वतः काटोलकडचा आहे, बघितलंय.


खडू_अजून_खिशात (वर्धा, निवृत्त) :

शकुंतला सर, तुमच्या पोरीचा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलो. मोजणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं हे बी.एस्सी.ला गेलेल्या पोरांना सांगावं लागतं. तिला ते तेराव्या-चौदाव्या वर्षी एका कोनमापकानं कळलं.

संत्रानगरी भाऊंचं उत्तर पैशापाशीच अडते, त्यामुळे ते तूर्त बाजूला ठेवू. त्यांचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही.

पहिली गोष्ट, तिला नववीचं पुस्तक देऊ नका. सगळे हेच करतात, मोह होतो. ती ते संक्रांतीपर्यंत संपवेल आणि पुढच्या वर्षी दुप्पट कंटाळेल, शिवाय तेव्हाही तुम्हालाच लिहावं लागेल की आता काय देऊ. पुढे नेण्यापेक्षा खोल न्या. रेन्झुली नावाचे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं की प्रतिभा म्हणजे नुसती बुद्धी नव्हे. सरासरीच्या वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलं ते तडीस न्यायची चिकाटी या तिन्ही एकत्र आल्या की खरं काम होते. पहिल्या दोन तुमच्या पोरीत दिसूनच राहिल्या. तिसरी वाढते ती स्वतःच्या प्रश्नावर महिनोन्‌महिने बसल्यानं. आपण त्याच्याऐवजी काय करतो? विज्ञान प्रदर्शनात खायच्या सोड्याचा ज्वालामुखी. दरवर्षी तोच डोंगर, तोच फेस, आणि मागे उभे असलेले घामाघूम वडील. असो.

वर्गातलं आधी सांगतो, कारण तुमच्याकडे वेळ तेवढाच आहे. सरावसंचातली शेवटची दोन उदाहरणं, जी सगळ्यात अवघड असतात, ती तिनं आधी सोडवायची. बरोबर आली तर आधीची सगळी माफ. हे वर्गात उघड सांगा, आणि सवलत सगळ्यांना ठेवा. ‘तिलाच काऊन?’ हा प्रश्नच उरत नाही, आणि कधीकधी एखादं अनपेक्षित पोट्टंही पुढे येते. उरलेल्या वेळात तिची वेगळी वही चालू द्या. त्या वहीत उत्तरं नकोत, प्रश्न पाहिजेत. तुम्ही आठवड्यातून एकदा खाली एक ओळ लिहा. बरोबर-चूकची खूण करू नका, पुढचा प्रश्न लिहा. ‘एखादा कोपरा आत मोडला तर?’ हे तिनं लिहिलंच आहे, वही सुरू झालीच म्हणायची.

सुरुवातीला हे द्या. ९ ही संख्या ४+५ अशी लिहिता येते, २+३+४ अशीही येते. १५ तर तीन प्रकारे येते: ७+८, ४+५+६, १+२+३+४+५. सलग संख्यांची बेरीज करून कोणत्या संख्या येतात, कोणत्या येत नाहीत, आणि का? बस, एवढंच. याच्यात दुसरीतलं पोरगंही हात घालू शकते आणि तळ मात्र लवकर लागत नाही. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. तोंडावर हात ठेवून बसावं लागते, मला फार जड जायचं.

आता वर्गाबाहेरचं. मोबाईल नाही, प्रयोगशाळा नाही म्हणता, पण शेत आहे ना? दोन कामं सुचवतो, दोन्ही तुमच्या गावचीच.

पहिलं पाऊस मोजण्याचं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि ते ठरते महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर. तो तुमच्या गावात असेलच असं नाही. मंडळाच्या ठिकाणी रिमझिम आणि तुमच्या शिवारात ढगफुटी, किंवा उलट, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, फक्त कुणाजवळ आकडा नसतो. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, झालं नरसाळं. तळ खडबडीत असतो म्हणून खाली बारीक गिट्टी आणि थोडं पाणी टाकून शून्याची रेघ मारा. झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवा, त्यांच्या उंचीच्या दुपटीइतकं तरी. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेते, तिनंही साडेआठलाच घ्यायची. मंडळाचा रोजचा आकडा कृषी विभागाच्या संकेतस्थळावर असतो, तो तुम्ही तुमच्या मोबाईलवर बघून तिला लिहून द्या.

आता याच्यात गणित कुठं आलं? नरसाळ्याचं तोंड बाटलीपेक्षा रुंद असलं तर वाचलेला आकडा कितीनं भागायचा? व्यासाच्या गुणोत्तरानं की त्याच्या वर्गानं? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, तर बापाच्या एका एकरावर किती? सुमारे चार हजार लिटर येते. हे पहिल्यांदा काढलं की पोरांचे डोळे विस्फारतात. आणि महिन्याभरानं खरा प्रश्न: गावचा आणि मंडळाचा आकडा इतका वेगळा येतो, तो योगायोग की दरवेळचा? तिथून सरासरी, विचलन, आलेख सगळं आपसूक येते. (एक विनंती, पहिल्या पंधरवड्यातच वही घेऊन तहसीलमध्ये जाऊ नका. बाटली आहे ती.)

दुसरं कपाशीचं. आता पाती-फुलं लागली असतील. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे) लावतात, एकरी दोन, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, आणि असं सलग तीन रात्री झालं, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे आता उपाय करायलाच पाहिजे, असं धरतात. आपल्याकडे सापळा लावतात आणि मग त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पोरीनं रोज सकाळी पतंग मोजायचे, काढून टाकायचे, वहीत लिहायचे. ढगाळ होतं का, पाऊस होता का, चांदणं होतं का, तेही लिहायचं. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या तर त्या वेगळ्या रकान्यात. बोंडं धरली की वीस हिरवी बोंडं तोडून फोडून पाहायची, किती किडकी ते मोजायचं. इथं तिला विचारा: वीस बोंडं कुठली तोडलीस? धुऱ्यावरची? म्हणजे हाताला लागली ती? मग ती सगळ्या शेताची झाली का? नमुना कसा निवडायचा याच्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत, ते सगळे या एका प्रश्नातून सुरू होतात.

फवारणी झालेल्या शेतात मात्र तिला पाय टाकू द्यायचा नाही. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरायचं नाही.

आणि तिला एकटीला ठेवू नका. सोबत दोघं द्या. ते पहिल्या-दुसऱ्या नंबरचेच पाहिजेत असं नाही. मोटारीचा स्टार्टर उघडून बसणारं एखादं पोट्टं तुमच्या वर्गात नक्की असेल, गणितात पस्तीसवर सुटणारं. ते घ्या.


आंगणवाडीची_ताई (दिग्रसजवळ) :

सरांचं सगळं पटलं. एक बाईमाणूस म्हणून दोन गोष्टी सांगते.

माझी मोठी अशीच होती. शाळेनं तिचं काय केलं? मॉनिटर केलं. दुसऱ्यांच्या वह्या तपासायला बसवलं, गैरहजर बाईंचा वर्ग सांभाळायला लावला, पंधरा ऑगस्टला भाषण पाठ करून घेतलं. हुशार पोरगी म्हणजे शाळेची बिनपगारी शिक्षिका. ती शिकत काहीच नव्हती, राबत होती. तुम्ही तसं करू नका, सर. आणि सगळ्यांसमोर ‘हिच्यासारखं व्हा’ म्हणू नका. दुसऱ्या दिवसापासून पोरी तिच्यासोबत डबा खात नाहीत. पोरगी मग मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायला लागते, मी पाहिलं आहे.

घरच्यांशी बोलताना ‘तुमची पोरगी फार हुशार आहे’ म्हणून सांगू नका. बापाला त्याचं काय करायचं ते समजत नाही, उलट भीती वाटते की आता खर्च येणार. सापळ्याचं सांगा. ‘तुमच्या वावरात किती पतंग येऊन राहिले ते तुमची पोरगी रोज लिहिते, फवारा कधी मारायचा ते त्याच्यावरून कळते’ असं सांगा. फवारणीचा एक हप्ता वाचला तर तो स्वतःच म्हणेल, लिही बाई, लिही.

वेचणीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, जाईल ती. तिला अडवता येणार नाही, अडवायचा हक्कही आपला नाही. पण वेचणीचे पैसे किलोवर भेटतात ना, मग तो हिशेबच तिला द्या. सकाळी दवात भिजलेला कापूस आणि दुपारचा वाळलेला कापूस, वजनात काय फरक पडतो? ओल्यात मजुराचा फायदा की मालकाचा? आमच्या बाया हे सगळं तोंडावर सांगतात, पण आकड्यात कुणी मांडलेलं नाही. तिला आईला विचारायला लावा. आईलाही बरं वाटेल की पोरीच्या अभ्यासात आपलं काही आहे.


वरोऱ्याचा_पोरगा :

मी सध्या एम.एस्सी. करतो आहे, नवोदयमधून शिकलो. मास्तर, तुमचं लेखन आवडलं, पण परीक्षांना तुम्ही चार ओळीही दिल्या नाहीत. चार एकरवाल्या घरात परीक्षा म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे ‘अजून शिकू द्या’ म्हणायची ताकद. म्हणून मी सांगतो.

एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा, सोडू नका. आठवीतच देता येते, साधारण डिसेंबरात असते, पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुण, शालेय क्षमता चाचणी ९० गुण, मराठीतून देता येते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला साडेतीन लाख. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. उत्पन्नाचा दाखला आणि पोरीच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं आताच करून ठेवा, आमच्याकडे लागलेल्या पोरांचे पैसे याच कारणानं अडकतात.

नवोदयमध्ये नववीला रिकाम्या जागांवर प्रवेश असतो, आठवीत असतानाच अर्ज करावा लागतो. जागा थोड्या असतात. पेपरात गणित, विज्ञान, इंग्रजी, हिंदी. माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. तिला गणित येईल, पण ‘समांतरभुज चौकोन’ म्हणजे ‘पॅरलेलोग्राम’ हे त्या दिवशी माहीत नसलं तर येणारं उदाहरण जाते. रोज दोन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, सगळ्या वर्गाचा फायदा.

नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा देऊ द्या. सहावी आणि नववीलाच असते, मराठीतून देता येते, लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. तिचं बोंडअळीचं काम इथं चालेल. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत तर स्थानिक प्रश्नावरचं असंच काम अपेक्षित असते. इन्स्पायर मानक (विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीचा केंद्र सरकारचा पुरस्कार) याचा फॉर्म शाळेकडून भरायचा असतो, कल्पना निवडली गेली तर १०,००० रुपये पोरीच्या खात्यात येतात. हे फॉर्म भरायचे राहून जातात आणि मग आपण म्हणतो की ग्रामीण मुलांना संधी नाही.

गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, तिच्यासारख्यांसाठीच आहे. तीन तासांत तीस प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर शून्य ते ९९ मधली पूर्ण संख्या. पेपर मराठीत नसतो. यावर्षी नाही, पुढच्या वर्षी बघा. पण जुने पेपर मोफत मिळतात, त्यातला एक प्रश्न पंधरा दिवसांसाठी दिला तरी पुरे. मी नवोदयला असताना आमचे सर असंच करायचे, एक प्रश्न सूचनाफलकावर लावायचे आणि महिनाभर काढायचे नाहीत.

एक आमच्याकडचं सांगतो, म्हणजे परीक्षेचंच बोललो असं नको. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत होतं याला असा पुरावाच नव्हता. म्हणजे आमच्या पऱ्हाटीच्या वावरातल्या शेणानं जगाची पुस्तकं बदलली. हे मला कुणी सांगितलं? कॉलेजात गेल्यावर एका दिल्लीच्या पोरानं. वरोऱ्यात शिकत होतो तेव्हा एकाही तासाला पिसदुऱ्याचं नाव निघालं नाही. तुमच्या पोरीला बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तरी दाखवा. बसाल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभं राहून ‘हा खड्डा ज्वालामुखीचा नाही, उल्केचाच हे कशावरून?’ विचारा, उत्तर देऊ नका. सहलीला शेगावला जाताच ना, वाट वाकडी करा.


संत्रानगरी_९० :

वरोऱ्याच्या भाऊ, मी पण तेच म्हणून राहिलो होतो, फक्त तुम्ही गोड शब्दांत म्हटलं. मास्तर, बाटलीत पाऊस मोजून आयआयटी भेटत नाही.


खडू_अजून_खिशात :

नाही भेटत. आणि आठवीतल्या पोरीनं आयआयटीसाठीच जगावं असंही कुठं लिहिलेलं नाही. पण भाऊ, कोटा आणि नागपूर करून आलेली पोरं मी पुढे कॉलेजात गेलेली पाहिली. सोडवलेलं सोडवतात, न सोडवलेलं समोर आलं की ‘हे सिलॅबसमध्ये आहे का’ विचारतात. या पोरीनं १७८ लिहिलं, कारण तिला १७८ दिसलं. ती सवय एका बॅचमध्ये मोडते, मग पुन्हा लागत नाही.

वरोऱ्याच्या, परीक्षांचं सविस्तर लिहिलंस ते बरं केलं. पिसदुऱ्याचं मलाही माहीत नव्हतं. शकुंतला सर, तिकडे गेलात तर दगड उचलून आणू देऊ नका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि जागा लिहून ठेवायची.

वाचायला काय, ते राहिलं होतं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघते, जुने अंक मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून विज्ञानाची खेळणी आणि मराठी पुस्तकंही आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘विज्ञान प्रतिभा’ म्हणून आठवी ते दहावीचा उपक्रम आहे, त्याचे पाठ उघडे आहेत, शिक्षकासाठीच लिहिलेले. तुम्ही डाऊनलोड करा, दोन पानं छापून द्या. मोबाईल पोरीच्या हाती असायची गरज नाही.


शकुंतला_पॅसेंजर :

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. माफीची सवलत सोमवारी जाहीर केली. तिघं पुढे आले, त्यातलं एक नाव मी कधी धरलंच नसतं. स्टार्टरवालं पोट्टं मात्र आलं नाही. “गणिताच्या वहीत माया काय काम?” म्हणते. त्याला बाटली कापायला दिली. त्यानं तळात गिट्टीऐवजी मेण ओतलं, पातळी आपोआप सपाट. मला सुचलं नव्हतं.

बापाशी ताईंनी सांगितलं तसंच बोललो. पहिला प्रश्न: “सापळ्याले पैसे लागते का?” म्हटलं, दोन सापळ्यांचे मी देतो. कृषी सहायकाला विचारलं तर त्यांच्याकडे शिल्लक निघाले. आता ल्यूर (सापळ्यातली पतंगांना ओढणारी वासाची गोळी) किती दिवसांनी बदलायचं? आणि सलग संख्यांचं: पोरीनं १ पासून ४० पर्यंत करून आणलं. २, ४, ८, १६, ३२ येत नाहीत हे तिला दिसलं. ‘डबल होत जाणाऱ्या येत नाहीत’ असं लिहून खाली मोठ्ठं ‘काऊन?’ मी तोंडावर हात ठेवून बसलो आहे, पण किती दिवस?


खडू_अजून_खिशात :

ल्यूर पाकिटावरच्या मुदतीनं बदला, कंपनीगणिक फरक असतो. लावताना हाताला तंबाखूचा किंवा अत्तराचा वास नको. आणि दोन प्रकारच्या किडींची ल्यूर एकाच सापळ्यात घालू नका, बरेच जण घालतात.

मेणाचं झकास. त्या पोराला पुढचं काम द्या: नरसाळ्यातून पाणी उडून जाते, ते किती? दोन बाटल्या ठेवायला सांगा, एक झाकलेली, एक उघडी.

‘काऊन’ला हात लावू नका. फार अडली तर एवढंच लिहा: ‘येणाऱ्या संख्यांचे विषम विभाजक लिहून पाहा. न येणाऱ्यांचेही.’ दिवाळीची सुटी आहेच.


संत्रानगरी_९० :

मास्तर, एक विचारतो. ऋण संख्या चालतात का? मी रात्री ८ घेऊन बसलो होतो. –७ पासून ८ पर्यंत सगळ्या सलग मिळवल्या तर ८ च येते की. मग १६ पण येते, ३२ पण येते.


खडू_अजून_खिशात :

चालत नाहीत, असं मी कुठं लिहिलं होतं? पण हे तिला सांगू नका, तिचं तिला सापडू द्या. तुम्ही आता हे बघा: ऋण नकोत म्हटल्यावर १०५ किती प्रकारे येते. न मोजता सांगायचं.